प्राग : वर ट्रामने, खाली पायी (प्रवासाची नेमकी माहिती)

रानवारा (धागाकर्ता)

मध्य युरोपच्या सहलीत प्राग बहुतेक वेळा दीड दिवसात उरकलं जातं. सकाळी किल्ला, दुपारी पूल, तासाच्या ठोक्याला घड्याळ आणि दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाची गाडी. कृपा करून असं करू नका. या शहराला तीन रात्री द्या, जवळचं कुत्ना होरा हे चांदीच्या खाणींचं जुनं गाव बघायचं असेल तर चार. दिवस किती आहेत यापेक्षाही ते कोणत्या क्रमाने लावता याला इथे जास्त महत्त्व आहे, म्हणून हा धागा.

आधी भूगोल डोक्यात बसवा. मधून व्ल्टावा नदी. पश्चिमेला टेकडी, टेकडीवर किल्ला आणि ह्रादचानी, टेकडीच्या पायथ्याशी माला स्त्राना. पुलापलीकडे पूर्व काठावर जुनं शहर, त्याच्या उत्तरेला ज्यू वस्ती योसेफोव आणि दक्षिणेला नवं शहर. हे 'नवं' शहर चौथ्या चार्ल्सने १३४८ साली वसवलंय, यावरून बाकीच्याचा अंदाज घ्या.

बहुतेक लोक पुलावरून किल्ल्याकडे चढत जातात. नेरुदोव्हा रस्त्याचा चढ किंवा किल्ल्याच्या पायऱ्या, वर पोचेपर्यंत अकरा वाजलेले, समोर कॅथेड्रलची रांग आणि पायात त्राण नाही. याच्या उलट करा. २२ नंबरच्या ट्रामने वर जा आणि पायी खाली या. उतरायचे दोन थांबे आहेत:

'प्राझ्स्की ह्राद' हा किल्ल्याच्या उत्तर बाजूचा थांबा. तिथून पूल ओलांडून दुसऱ्या चौकात पाच-सात मिनिटांत पोचता, रस्ता जवळजवळ सपाट. सकाळी आधी किल्ला करायचा असेल तर इथे उतरा.

'पोहोर्झेलेत्स' दोन थांबे पुढे. इथे स्त्राहोव मठ आणि लोरेता चर्च लागतं आणि मग उतार उतरत किल्ल्याच्या मुख्य दारापाशी येता. स्त्राहोवच्या ग्रंथालयातली दोन्ही दालनं दारातूनच बघायची असतात, आत फिरू देत नाहीत. हे माहीत असेल तर तिकीट काढल्यावर हिरमोड होत नाही. दारातून दिसतं तेही भरपूर आहे.

किल्ल्याचं आवार सकाळी ६ ते रात्री १० उघडं असतं आणि आवारात फिरायला तिकीट लागत नाही. इमारती ९ ला उघडतात. एप्रिल ते ऑक्टोबर ५ ला आणि हिवाळ्यात ४ ला बंद होतात. मुख्य तिकिटात कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जची बॅसिलिका आणि गोल्डन लेन या चार जागा येतात. तिकीट दोन दिवस चालतं, पण प्रत्येक जागी एकदाच आत जाता येतं. पावणेनऊला वर असा, तिकीट काढा आणि सगळ्यात आधी कॅथेड्रलमध्ये शिरा. दहानंतर रांग तिथेच वाढते, राजवाड्यात तेवढी गर्दी नसते. रविवारी दुपारी १२ पर्यंत प्रार्थनेमुळे कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं, म्हणून किल्ला रविवारी ठेवूच नका.

सेंट व्हिटस कॅथेड्रलचं काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं. बाहेरून बघताना दक्षिणेच्या उंच मनोऱ्यापाशी थांबा. त्याच्या पूर्वेचा भाग चौदाव्या शतकातला, मुख्यत्वे पेटर पार्लरच्या हातचा. पश्चिमेचे जोडमनोरे एकोणिसाव्या-विसाव्या शतकातले. हा सांधा एकदा दिसला की आतही दोन काळ वेगळे ओळखू येतात. आत डाव्या हाताला अल्फोन्स मुखाची रंगीत काच आहे, तिच्यावर सकाळचा उजेड चांगला येतो. उजव्या बाजूचं सेंट वेन्सेस्लास चॅपल उंबऱ्यातूनच बघायचं. राजमुकुट ठेवलेल्या खोलीला सात कुलपं आहेत आणि त्यांच्या किल्ल्या सात वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे असतात.

पुढचं ज्याला जे नीट माहीत आहे त्याने लिहा. दर आणि वेळा बदलतात, तेव्हा तिकिटांच्या किमती इथे लिहिण्यापेक्षा पद्धत लिहू.

खडीसाखर

उत्तम सुरुवात. मी वाहतुकीचं लिहिते, कारण प्रागमध्ये पर्यटकांचे पैसे सर्वांत जास्त तिथे दंडापायी जातात.

मेट्रोला अडवणारं फाटक नाही. सरळ आत जाता येतं, म्हणून लोकांना वाटतं की खिशात तिकीट आहे म्हणजे झालं. तसं नाही. कागदी तिकीट घेतल्यावर ते पिवळ्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. मेट्रोत या पेट्या सरकत्या जिन्याच्या आधी असतात, ट्राम-बसमध्ये दारापाशी. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. शिक्का एकदाच मारायचा. ट्राम बदलली म्हणून परत मारला तर तिकीट बाद होतं. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि बिल्ला दाखवतात. "आम्हाला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

ट्राममध्ये कार्ड टेकवून तिकीट देणारं यंत्र असतं. त्यातून येणाऱ्या तिकिटावर वेळ आधीच छापलेली असते, त्याला वेगळा शिक्का नको. 'पीआयडी लीताच्का' ॲपमधून घेतलंत तर ते सक्रिय करावं लागतं आणि सक्रिय केल्यावरही लगेच वैध होत नाही, थोडा वेळ मोजून मग चालू होतं. तेव्हा थांब्यावर उभे असतानाच सक्रिय करा. तपासनीस दिसल्यावर करून उपयोग नाही.

तिकिटं वेळेची असतात: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास, ७२ तास. त्या वेळात मेट्रो, ट्राम, बस काहीही, कितीही वेळा बदला. २४ आणि ७२ तास शिक्क्याच्या क्षणापासून मोजतात, तारखेपासून नाही. मंगळवारी दुपारी ३ ला शिक्का मारलेलं ७२ तासांचं तिकीट शुक्रवारी दुपारी ३ पर्यंत चालतं.

मेट्रोच्या तीन मार्गिका: ए हिरवी, बी पिवळी, सी लाल. अदलाबदल तीनच ठिकाणी होते. ए-बी मूस्तेकला, ए-सी मुझेउमला, बी-सी फ्लोरेन्त्सला. पर्यटकांचं बहुतेक काम ए मार्गिकेवर भागतं: जुन्या शहरासाठी स्तारोम्येस्त्स्का, किल्ल्याच्या पायथ्यासाठी मालोस्त्रान्स्का. मध्यरात्रीनंतर मेट्रो बंद होते, मग ९० च्या पुढच्या आकड्यांच्या रात्रीच्या ट्राम चालतात आणि त्या लाझार्स्का थांब्यावर एकमेकींना भेटतात. मुक्काम शोधताना हे लक्षात ठेवा. जुन्या शहराच्या चौकात राहण्यापेक्षा २२ नंबरच्या मार्गावर किंवा ए मार्गिकेवर दोन-तीन स्थानकं बाहेर राहिलात तर भाडं कमी, रात्री शांतता आणि सकाळी किल्ल्याला बदल न करता जाता येतं.

तिरफळ

विमानतळ आणि पैसे, दोन्ही एकत्र लिहितो कारण पहिली ठेच तिथेच लागते.

भारतातून प्रागला थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा युरोपातलं एखादं मोठं विमानतळ असा टप्पा पडतो. फ्रँकफर्ट-म्युनिकमार्गे गेलात तर शेंगेनची (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची) प्रवेश-तपासणी तिथेच होते, त्यामुळे पुढच्या विमानासाठी मधला वेळ दीड तासापेक्षा कमी ठेवू नका.

विमानतळाला मेट्रो नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी व्हेलेस्लाव्हीन या मेट्रो स्थानकाला सोडते. (जुन्या लेखांत ११९ नंबरची बस लिहिलेली सापडेल, तिची जागा २०२४ मध्ये ५९ ने घेतली.) तिथून ए मार्गिका, दिशा 'देपो होस्तिवार्झ'. ९० मिनिटांच्या एका तिकिटात दोन्ही बसतं, शहराच्या मध्यापर्यंत साधारण पाऊण तास. एअरपोर्ट एक्सप्रेस नावाची बस थेट मुख्य रेल्वे स्थानकावर जाते, पण तिचं तिकीट वेगळं, वरची ३० किंवा ९० मिनिटांची तिकिटं तिच्यात चालत नाहीत. सामान खूप असेल आणि पुढे लगेच रेल्वे पकडायची असेल तर तीच बरी.

आता पैसे. चेकियात (चेक प्रजासत्ताकात) युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना, एका कोरुन्याला चार रुपयांच्या आसपास. दुकानं युरो घेतात, पण स्वतःच्या दराने घेतात आणि सुटे कोरुन्यात देतात.

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. यंत्र विचारतं की रुपयांत रक्कम घेऊ की कोरुन्यांत. नेहमी कोरुना निवडा. रुपये निवडले की विनिमयाचा दर तुमची बँक नव्हे तर त्या यंत्राचा मालक ठरवतो, आणि फरक मोठा असतो. एटीएमवर हाच प्रश्न "दर मान्य आहे का" अशा शब्दांत येतो. तिथे नकार द्या, व्यवहार रद्द होत नाही, पैसे कोरुन्याच्या हिशोबाने निघतात. चौकाचौकांत उभी असलेली स्वतंत्र एटीएम टाळून बँकेच्या शाखेला लागून असलेलं वापरा.

रोख बदलायची असेल तर खिडकीवर नोट देण्याआधी "इतक्या युरोंचे हातात किती येतील" हे कागदावर लिहून घ्या. 'शून्य कमिशन' या पाटीला अर्थ नाही, कमाई दरातच असते. आणि हे माहीत असू द्या: १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच खिडकीवर जाऊन रद्द करण्याचा कायदेशीर हक्क २०१९ पासून आहे. पावती मात्र हवी. रस्त्यावर "चांगला दर देतो" म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. चलनातून बाद झालेल्या दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात पडतात, आणि त्या कोरुन्यासारख्याच वाटतात.

उंबरठा

फार उपयोगी धागा. दोन प्रश्न आहेत. आई-बाबा बरोबर आहेत, दोघंही पासष्टीपुढचे, बाबांचे गुडघे दुखतात. आणि आईला अंडंही चालत नाही. कसं जमवावं?

खडीसाखर

उंबरठा, गुडघ्यांचं मी सांगते, जेवणाचं कुणीतरी जाणकार सांगेल.

पहिली आनंदाची गोष्ट: ६५ पूर्ण झालेल्यांना आणि १५ वर्षांखालच्या मुलांना शहरातली मेट्रो-ट्राम-बस फुकट आहे. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ ठेवायला सांगा.

प्रागची खरी अडचण चढापेक्षा फरसबंदी आहे. जुना सगळा भाग लहान चौकोनी दगडांचा, पावसात निसरडा. जाड आणि लवचिक तळव्याचे बूट हवेत, चपला-सँडल नकोत. चाकाच्या बॅगा त्या दगडांवर ओढताना चाकं मोडतात, म्हणून हॉटेल थांब्यापासून फार आत घेऊ नका.

किल्ल्यासाठी 'प्राझ्स्की ह्राद' थांबाच घ्या, आणि परतताना खाली चालत येण्याचा मोह बाबांसाठी टाळा. किल्ल्याच्या पायऱ्या लांब आहेत आणि उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. त्याच थांब्यावरून २२ ने परत या. जुन्या ट्रामला आत चढायला उंच पायऱ्या असतात, नव्या सपाट तळाच्या असतात. थांब्यावरच्या वेळापत्रकात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असलेली गाडी सपाट तळाची.

उंचावरून शहर बघायला जुन्या नगरभवनाचा मनोरा निवडा, त्याला लिफ्ट आहे. कॅथेड्रलच्या मनोऱ्याला २८७ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. पेत्र्झीनच्या लोखंडी मनोऱ्याला (१८९१, उंची ६३.५ मीटर) २९९ पायऱ्या आहेत, तिथे वेगळे पैसे देऊन लिफ्ट मिळते. पेत्र्झीनवर नेणारी दोरीची रेल्वे सप्टेंबर २०२४ मध्ये मोठ्या कामासाठी बंद झाली, जाण्याआधी सुरू आहे का ते बघा. बंद असली तरी पोहोर्झेलेत्सला उतरून स्त्राहोव मठाच्या कडेने टेकडीच्या अंगाअंगाने जाणारी वाट आहे, वीसेक मिनिटांची, मोठा चढ नाही.

पाटीपेन्सिल

शाकाहाराबद्दल. चेक जेवण मांसाचं आहे हे खरं, पण मेनूकार्डावर 'बेझ्मासा यीड्ला' असा भाग जवळजवळ प्रत्येक खानावळीत असतो, म्हणजे बिनमांसाचे पदार्थ. तिथून सुरुवात करा. मात्र बिनमांसाचं म्हणजे बिनअंड्याचं नव्हे.

स्माझेनी सीर: पाव किंवा पोळीएवढ्या जाडीचं नव्हे, चांगलं बोटभर जाड चीज पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं, सोबत बटाटे. चुरा चिकटवायला अंडं असतं आणि बरोबरचं टार्टर सॉसही अंड्याचं.

ब्राम्बोराक: किसलेल्या बटाट्याचं धिरडं, लसूण आणि मार्जोरम घालून. पिठात अंडं असतं, आणि काही ठिकाणी ते डुकराच्या चरबीत तळतात. चरबीला 'साद्लो' म्हणतात, हा शब्द ओळखायला शिका.

ब्राम्बोराच्का (बटाट्याचं सूप) आणि चेस्नेच्का (लसणाचं सूप): नावात भाजी असली तरी पाणी बऱ्याचदा मांसाच्या अर्काचं असतं. अर्काला 'वीवार', खारवलेल्या चरबीच्या तुकड्यांना 'स्लानिना', हॅमला 'शुन्का'. ऑर्डर देताना या तीन शब्दांच्या आधी "बेझ" म्हणजे 'शिवाय' लावा.

चोच्का ना किसेलो: आंबटसर शिजवलेल्या मसुराची उसळ. वर तळलेलं अंडं आणि बाजूला काकडीचं लोणचं. "बेझ वेयत्से", अंड्याशिवाय, सांगितलं की मिळते. मैदा आणि कांद्याने दाट केलेली असते, मसाला जवळपास नाही, पण पोटभर आहे. चरबी घातली नाही ना एवढं मात्र विचारा.

ओव्होत्स्ने क्नेडलीकी: फळ भरून उकडलेले गोळे, वर ताजं चीज, साखर, वितळलेलं लोणी. हे गोड असूनही मुख्य जेवण म्हणून खातात. पिठात अंडं बहुधा असतंच.

चौकातल्या स्टॉलवर लांगोश मिळतो: तळलेली खमिराची पोळी, लसणाचं पाणी, चीज. त्याच्याशेजारी कोबी-बटाट्याच्या कढया दिसतील, त्यांत मांसाचे तुकडे मिसळलेले असतात. स्टॉलवर भाव प्लेटचा आहे की १०० ग्रॅमचा हे बघूनच मागा. मोठ्या अक्षरातला आकडा १०० ग्रॅमचा असतो आणि वाढणारा सढळ हाताने तिप्पट वाढतो.

उंबरठा, तुमच्या आईंसाठी खरा आधार म्हणजे भारतीय खानावळी, शहराच्या मध्यात बऱ्याच आहेत, आणि किराणा दुकान. 'बीली योगुर्ट' हे साधं दही, 'केफीर' हे ताकाजवळ जाणारं पेय, 'त्व्हारोह' हे चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी. राई-गव्हाचा पाव, टोमॅटो, काकडी सगळीकडे. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतलीत तर सकाळ-संध्याकाळ घरचं होतं. नळाचं पाणी निर्धोक आहे, बाटल्या विकत घेऊ नका. हॉटेलात बाटली मागवलीच तर 'नेपेर्लिव्हा' म्हणा, नाहीतर सोड्याचं पाणी येतं.

टेबलावर न मागता ठेवलेली पावाची टोपली फुकट नसते. नको असेल तर लगेच परत करा. बिलावर खूश असाल तर दहा टक्क्यांपर्यंत टीप पुरते.

कोकणकडा

जुन्या नगरभवनाच्या खगोलीय घड्याळाबद्दल लिहितो, कारण लोक त्याच्यासमोर उभे राहतात, पुतळे फिरतात, फोन वर जातात, मिनिटभरात सगळं संपतं आणि "एवढंच?" म्हणून निघून जातात. पुतळ्यांचा खेळ हा त्या घड्याळाला नंतर जोडलेला भाग आहे. मूळ यंत्र १४१० चं आहे, कादान गावच्या मिकुलाशने बनवलेलं, आणि ते आकाश दाखवतं.

वरच्या तबकडीवर मध्यभागी पृथ्वी धरलेली आहे. निळा भाग दिवस, खालचा काळा भाग रात्र, मधले तांबूस पट्टे संधिप्रकाशाचे. सोनेरी हात २४ रोमन आकड्यांवर आजची वेळ दाखवतो. बाहेरच्या काळ्या फिरत्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी १ ते २४ आहेत, ते जुने चेक तास. ते सूर्यास्तापासून मोजले जात, म्हणून ते कडं वर्षभर थोडं थोडं सरकत राहतं. त्याशिवाय निळ्या भागावरच्या वक्र सोनेरी रेषा पाहा. त्या दिवसाचे बारा भाग पाडतात, दिवस मोठा असो की लहान, भाग बाराच. म्हणजे उन्हाळ्यातला तास मोठा, हिवाळ्यातला छोटा. आपल्याकडे राहुकाळ काढताना दिनमानाचे आठ सारखे भाग करतात, त्याच जातीचा हिशोब.

आता मराठी माणसाला सगळ्यात रस वाटावा असा भाग: राशींचं कडं. त्यावर सूर्य कोणत्या राशीत आहे ते दिसतं. एप्रिलच्या सुरुवातीला जाऊन पाहिलंत तर सूर्य मेषेत दिसेल, आणि आपलं पंचांग म्हणेल की तो अजून मीनेत आहे. घड्याळ बरोबरच आहे. ते सायन आहे, म्हणजे वसंतसंपातापासून, २१ मार्चच्या सुमारास, मेष धरतं. आपलं पंचांग निरयन, मेष संक्रांत १४ एप्रिलच्या आसपास. दोहोंत आज सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. त्याच कड्यावर चंद्राचा अर्धा रुपेरी, अर्धा काळा गोळा स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. त्या दिवशीची तिथी पाहून जा आणि ताडून बघा.

खालची तबकडी दिनदर्शिकेची. तिच्यावरची बारा महिन्यांची चित्रं योसेफ मानेसची, आता तिथे प्रत लावलेली आहे.

पुतळ्यांचा खेळ सकाळी ९ ते रात्री ११ दर तासाला होतो. सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून बारा प्रेषित जातात, शेवटी कोंबडा आरवतो. तो तासाच्या ठोक्याला बघा, पण तबकडी वाचायला ठोक्यानंतर दहा मिनिटांनी या. गर्दी पांगलेली असते. ठोक्याच्या वेळी सगळ्यांच्या माना वर असतात आणि खिसेकापू नेमके तेव्हाच फिरतात, बॅग पुढे घ्या.

चिंचबन

व्हिसा चेकियाचा काढायचा की ऑस्ट्रियाचा? प्राग दोन रात्री, व्हिएन्ना दोन, बुडापेस्ट दोन आहे. उतरणार प्रागला.

रानवारा

चिंचबन, नियम असा: ज्या देशात सर्वाधिक मुक्काम तिथला व्हिसा. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशातून शेंगेन भागात आधी शिराल तिथला. तुमच्या आखणीत चेकिया. (विमान व्हिएन्नामार्गे असलं तरी नुसतं विमान बदलणं म्हणजे मुक्काम नव्हे, पण रात्री सारख्या असताना हा वाद ओढवून घेण्यापेक्षा प्रागची एक रात्र वाढवा. प्रागला ती लागतेच.)

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा १५ दिवसांवर विसंबू नका. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेनसाठी वैध. तारखा विमानाच्या तारखांशी जुळवा. अर्ज अडकतात ते बहुधा इथे: विमा भारतातून निघण्याच्या दिवशी सुरू आणि परत पोचण्याच्या आदल्या दिवशी संपलेला, किंवा हॉटेलच्या आरक्षणावर फक्त एकाचं नाव आणि बाकीचे सहप्रवासी गायब. बोटांचे ठसे मागच्या ५९ महिन्यांत दिलेले असतील तर सहसा परत लागत नाहीत.

सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी सुरू झाली आहे, शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे. पहिल्या प्रवेशाला वेळ लागतो, म्हणून पुढची गाडी घट्ट धरू नका.

आषाढी

योसेफोवबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. ज्यू संग्रहालयाच्या सगळ्या जागा शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असतात. शुक्रवार-शनिवार-रविवार असा मुक्काम असेल तर शनिवारी दुसरं काही ठेवा. ज्यू नववर्ष आणि त्यापुढचे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, तेव्हा सलग दिवस बंद मिळू शकतात.

सुरुवात पिंकास सिनेगॉगपासून करा, शक्यतो उघडल्या उघडल्या. भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या सुमारे ७८,००० माणसांची नावं हातानं लिहिलेली आहेत: गाव, आडनाव, नाव, जन्मतारीख आणि शेवटची तारीख. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. मुलांना आधी घरी समजावून न्या. तिथून पुढे जुनी दफनभूमी. सर्वांत जुना दगड १४३९ चा, शेवटचं दफन १७८७ चं. जागा वाढवता येत नव्हती म्हणून मातीचे थर एकावर एक चढवले, त्यामुळे दगड असे एकमेकांना टेकून उभे आहेत. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी जवळ असू द्या.

युद्धाचा आणखी एक भाग चौकापासून दूर आहे आणि फार थोडे लोक जातात: रेसलोव्हा रस्त्यावरचं सेंट सिरिल आणि मेथोडियस चर्च. १९४२ मध्ये नाझी अधिकारी हायड्रिखवर हल्ला करणारे आणि त्यांचे साथीदार असे सात छत्रीधारी सैनिक इथे लपले होते आणि इथेच मेले. तळघराच्या बाहेरच्या खिडकीभोवती गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. मेट्रो बी, कार्लोव्हो नाम्येस्ती. माझ्या मते प्रागमध्ये एकच गोष्ट वाढवायला जागा असेल तर ती ही.

तिरफळ

कुत्ना होरा. प्रागच्या मुख्य स्थानकावरून (ह्लाव्हनी नाद्राझी) थेट गाडीने सुमारे तास. फलकावर 'नास्तुपिश्त्ये' म्हणजे फलाट, 'कोलेय' म्हणजे रूळ. फलाटाच्या आकड्यापुढे 'एस' असेल तर उत्तर टोक, 'जे' असेल तर दक्षिण. एकाच फलाटावर दोन गाड्या मागेपुढे उभ्या असतात, चुकीच्या टोकाला उभं राहिलात तर भलत्याच गावाला जाल. फलाट गाडीच्या थोडंच आधी जाहीर होतो, खालच्या दालनात फलकाखाली थांबा.

उतरल्यावर सेड्लेत्सची अस्थिशाला चालत दहा मिनिटांवर. दारावर तिकीट मिळत नाही, आधी जवळच्या माहिती केंद्रातून घ्यायचं. २०२० पासून आत फोटो काढायला पूर्वपरवानगीशिवाय बंदी आहे आणि ती योग्यच आहे, ती चाळीस हजारांहून जास्त माणसांची हाडं आहेत. सेंट बार्बराचं चर्च तिथून सुमारे तीन किलोमीटर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. बरेच जण अस्थिशाला बघून परत फिरतात, पण या गावाची चांदी आणि तिचा पैसा कुठे गेला हे त्या चर्चमध्ये दिसतं. तिथल्या भित्तिचित्रांत खाणकामगार आणि नाणी पाडणारे आहेत. कुत्ना होराच्या मुख्य स्थानकावरून 'म्येस्तो' नावाच्या आतल्या स्थानकापर्यंत छोटी गाडी जाते.

चिंचबन

डिसेंबरमध्ये जावं का? ख्रिसमसचा बाजार बघायचा आहे.

खडीसाखर

जा, पण दिवस छोटा आहे हे धरून आखा. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो, किल्ल्याच्या इमारतीही चारलाच बंद. म्हणजे किल्ला सकाळीच, बाजार अंधार पडल्यावर. चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो, २६ नंतर गर्दी आणि हॉटेलचे दर उतरतात का तेही बघा, ३१ जवळ आली की परत चढतात. २५ आणि २६ डिसेंबरला मोठी दुकानं कायद्याने बंद, २४ ला दुपारपर्यंतच उघडी. दूध-दही-पाव २३ लाच आणून ठेवा. तसंच १ जानेवारी, ईस्टरचा सोमवार, ८ मे, २८ सप्टेंबर आणि २८ ऑक्टोबर.

चार्ल्स पुलाचा (पायाभरणी १३५७, लांबी ५१६ मीटर) हिवाळ्यात मोठा फायदा आहे. जूनमध्ये सूर्योदयाला पूल रिकामा बघायचा तर पाचच्या आत उठावं लागतं, डिसेंबरात साडेसातला पोचलात तरी चालतं. जुन्या शहराच्या बाजूने शिरा, म्हणजे किल्ला समोर राहतो. पुतळे तीस आहेत, बहुतेक प्रती. मूळ वालुकाश्म पावसाने झिजायला लागले म्हणून हलवले. सेंट जॉन नेपोमुकचा ब्राँझचा पुतळा (१६८३) सर्वांत जुना.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. शेवटची शंका: पास घ्यावा का? आणि चर्चमधल्या मैफिलींची तिकिटं रस्त्यावर विकतात ती घ्यावीत का?

कोकणकडा

'प्राग व्हिजिटर पास'मध्ये वाहतूक, किल्ला, ज्यू संग्रहालय येतं. आई-बाबांना वाहतूक फुकटच आहे आणि किल्ल्यात ज्येष्ठांना सवलत मिळते, तेव्हा त्यांच्यासाठी सहसा परवडत नाही. तुमच्यासाठी ज्या जागा नक्की बघणार त्यांचीच बेरीज करून ठरवा, "जमलं तर जाऊ" वाल्या जागा धरू नका.

मैफिलींचं: जुन्या काळचा पोशाख घालून तिकिटं विकतात त्या तासाभराच्या, लोकप्रिय तुकड्यांच्या मैफिली. वादक बरे असतात, पण हिवाळ्यात चर्च गार असतं, कोट काढू नका. त्याच पैशांत किंवा थोड्या जास्त पैशांत रुडोल्फिनममध्ये चेक फिलहार्मोनिक ऐकता येतं, किंवा एस्टेट्स थिएटरमध्ये ऑपेरा. मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'चा पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ ला याच रंगमंदिरात झाला. तिकीट रंगमंदिराच्या स्वतःच्या खिडकीवर किंवा संकेतस्थळावर घ्या. वरच्या सज्ज्यातल्या कडेच्या खुर्च्या स्वस्त असतात पण अर्धा रंगमंच दिसत नाही आणि तिथवर जिने आहेत. बाबांसाठी खालची बैठक बघा. कोट आणि मोठ्या बॅगा दारापाशी जमा कराव्या लागतात, त्यामुळे वीस मिनिटं आधी पोचा.